जुन्या संगणकाची एकमेव फीत

मित्रहो,

आज सकाळी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात आमच्या गिरणीकडून तेथे आलेला सत्तरच्या दशकातील संगणक पुन्हा सुरू करावयाचा होता. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर असे. ती फीत यंत्रात लावण्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते, म्हणून मला सन्मानाने बोलावले होते.

फीत एकच उरली आहे, तिची नक्कल नाही. ती फाटली असती, तर यंत्र कायमचे बंद पडले असते.

शिपाई म्हणाले, "काका, तुमीच लावा की! हितं दुसऱ्या कुणाला जमतंय?"

मी फीत हाती घेतली. बोटे थरथरू लागली. जीर्ण कागद वाजू लागला. सर्वांच्या नजरा माझ्या हातांवर होत्या. नाही म्हणणे मला मरणप्राय वाटले.

अखेर फीत मी शेजारी उभ्या असलेल्या, महाविद्यालयाच्या प्राध्यापिकाबाईंकडे दिली.

"काका, मलापण भीती वाटतीय."

"भीती चालेल. हात हलता कामा नये."

फीत सावकाश सरकत गेली. शेवटी संगणकाला जोडलेले टंकयंत्र खडखडले आणि कागदावर यंत्र सुरू झाल्याची एक ओळ उमटली.

सर्वांनी बाईंसाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मात्र थोड्या उशिराने.

आपल्या हातचे काम दुसऱ्याकडे सोपवताना आपणांस काय वाटले, ते अवश्य लिहावे.