कुरोसेच्या थडग्याशी भांडणारी इसोए

हे मी जवळजवळ लिहिणारच नव्हते. आमच्या नागिउरा गावातल्या माणसांवर एकदा एकाने लिहिलं आणि त्यातून काय झालं हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. इसोएआजीला विचारलं तर ती चहावर फुंकर मारत म्हणाली, लिही की, फक्त खोटं लिहिलंस तर तुझ्याही थडग्याशी येऊन भांडेन. म्हणून लिहितेय, आणि एका दमात लिहितेय, नाहीतर परत धीर सुटेल.

इसोए ऐंशीला टेकलीय आणि अजून समुद्रात बुडी मारते. खडकाला चिकटलेले शिंपले काढायचे, हेच तिच्या आईचं काम आणि हेच तिचं. पाण्याबाहेर डोकं काढलं की तिच्या तोंडून जी लांब शीळ सुटते ती धक्क्यावरच्या माणसांना बरोबर ओळखू येते. ही बघ म्हातारी, अजून जिवंत आहे, असं म्हणतात आणि जाळी विणत बसतात.

आणि दर महिन्याला, ज्या तारखेला कुरोसे मेला त्या तारखेला, ती बादली आणि ब्रश घेऊन देवळामागच्या दफनभूमीत जाते. त्याचा दगड खसाखसा घासते आणि घासताना त्याला सोलून काढते. फुलं नाहीत, उदबत्ती नाही. नुसतं पाणी आणि शिव्या.

कुरोसे म्हणजे तोच, ज्याच्यावरून अजून टीव्हीवर लोक हमरीतुमरीवर येतात. अर्धे म्हणतात असा लेखक पुन्हा होणे नाही, अर्धे म्हणतात लोकांची दुःखं चोरून विकली मेल्याने. इसोए लहान असताना तो टोकियोहून आला आणि तिच्या आईकडे, हिसानोकडे, माडीवरची खोली घेऊन एक उन्हाळाभर राहिला. हिसानोच्या हातचा भात खाल्ला, तिच्या किटलीतला चहा प्यायला. त्याच उन्हाळ्यात हिसानोची मैत्रीण बुडाली. दोघी विधवा, एकच होडी. एकीने बुडी मारायची, दुसरीने वर दोर धरून बसायचं, खालून झटका आला की ओढायचं. त्या दिवशी दोर हिसानोच्या हातात होता, आणि ओढायला उशीर झाला.

कुरोसेने त्यावर कादंबरी लिहिली. तिच्यातल्या बाईला झटका कळतो, आणि तरी ती आभाळाकडे बघत बसून राहते. नाव बदललेलं होतं, पण हनुवटीवरचा तीळ तोच, पोचा आलेली किटलीही तीच. अख्ख्या जपानने वाचली. गावाने तर दोनदा वाचली.

इथे बुडी मारून आलं की अंगात हाडं आहेत की बर्फ ते कळत नाही. किनाऱ्यावरच्या झोपडीत शेकोटी असते, तिच्याभोवती प्रत्येक बाईची जागा ठरलेली असते, आईनंतर लेकीला मिळते. कादंबरी आल्यावर हिसानोची जागा गेली. सगळ्याजणी नुसत्या जराजरा सरकून बसल्या, की मध्ये जागाच उरली नाही. ती मरेपर्यंत एकटी बुडी मारत राहिली आणि घरी येऊन त्या पोचा आलेल्या किटलीला हात लावून शेकत राहिली. इसोएला झोपडीत जागा मिळाली ती आई गेल्यावर, आणि तीही दाराजवळची, जिथे पाठीला वारा लागतो.

कुरोसे मरताना सांगून गेला होता की मला नागिउरात पुरा. का, ते कोणालाच कळलं नाही. मूलबाळ नव्हतं, एक भाची होती तीही गेली. ज्या थडग्याला कोणी नातलग उरत नाही त्याच्यापुढे देऊळ पाटी लावतं. कोणाचा संबंध असेल तर पुढे या, नाहीतर दगड काढून अस्थी सगळ्या बेवारशांबरोबर एकत्र ठेवू. तशी पाटी कुरोसेपुढे लागली, शरद संपेपर्यंतची मुदत.

गावाला बरंच वाटलं. शेकोटीपाशी सायो नावाची बाई म्हणाली, इसोए, सुटलीस गं बाई एकदाची. इसोएने हातातला भाजलेला शंख राखेत टाकला आणि उठून गेली.

पाटी लागल्याची बातमी वाचून कानामे आला. क्योतोचा, विशीतला. कुरोसेची ओळ न् ओळ पाठ, आणि गेलं वर्षभर मैत्रिणीशी त्याच्यावरूनच भांडण चाललेलं. ती म्हणायची, ज्या बाईवर लिहिलं तिचं पुढे काय झालं ते कधी विचारलंस? म्हणून हा विचारायला आला होता. पण आधी त्याने सगळे चाहते करतात तेच केलं. कुरोसेला आवडायची ती साके, तांदळाची दारू, आणून अख्खी बाटली दगडावर ओतली आणि हात जोडून उभा राहिला.

तेवढ्यात मागून बादली आपटल्याचा आवाज आला.

"प्यायला का तो?" इसोए म्हणाली.

कानामे दचकून वाकला, माफी मागायला लागला.

"नाही ना प्यायला? मेलाय तो. दगडाला डाग पडतात, मुंग्या लागतात, आणि तुम्ही फोटो काढून जाता. घे ब्रश."

त्याने कोट काढून घासायला घेतलं. घासता घासता मनातलं विचारलं, आजी, तो थोर होता की नीच?

"ते तुझं तू बघ. कोपऱ्यात शेवाळ राहिलंय."

मग थोड्या वेळाने त्याने दबकत विचारलं, कादंबरीतलं खरं होतं का? इसोए पायरीवर बसली. मला माहीत नाही, म्हणाली. आईने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. पण त्याला तरी कुठे माहीत होतं? तो माडीवर झोपला होता त्या दिवशी. हेच तर मी त्याला दर महिन्याला विचारते.

"मग दगड गेला तर बरंच की."

"पुस्तक राहणार, आईचं नाव खराब झालेलं राहणार, आणि जबाब देणारा तेवढा जाणार? नाही जमायचं."

मुदत संपली आणि दगड उचलायला गाडी आली, तेव्हा इसोए तिथे आधीच बसलेली होती. बुडीचेच कपडे, केसांतून पाणी गळतंय. आईचा डोक्याला बांधायचा रुमाल तिने दगडाला करकचून बांधला होता. त्यावर जांभळ्या दोऱ्याची चांदणी होती, जी इथे प्रत्येक बाई रुमालावर शिवते, खाली गेलेली वर परत यावी म्हणून. कानामे शेजारी उभा. देवळाचे पुजारी, ओशो-सान, घाम पुसत आले. कानामे घाईने म्हणाला, मी येत जाईन, मी त्याचा वाचक आहे. ओशो-सान म्हणाले, बाळा, वाचकाला नातं म्हणत नाहीत. आणि इसोए, तुझा तर याच्याशी काहीच संबंध नाही.

"भांडण आहे," इसोए म्हणाली. "सत्तर वर्षांचं. तुमच्या पाटीवर संबंध लिहिलंय, प्रेम नाही लिहिलेलं. सगळ्या दफनभूमीत माझ्याइतकं नेमाने कोण येतं ते दाखवा, मी उठते."

गाडीवाला हसला. ओशो-सानांनी सगळ्या दगडांवरून एकदा नजर फिरवली. शेवटी म्हणाले, ठीक आहे, जोवर कोणी येतंय तोवर हे थडगं बेवारस नाही. ज्या महिन्यात कोणीच आलं नाही त्या महिन्यात मात्र मला पाटी परत लावावी लागेल. गाडी रिकामी गेली.

कानामेने निघताना विचारलं, त्याने इथेच का पुरून घेतलं असेल? इसोए दगडावरचा रुमाल सोडत म्हणाली, शिव्या खायला आला असणार. टोकियोत कोण घालणार होतं?

त्या दिवशी ती झोपडीत दाराजवळ बसली नाही. आत, आईच्या जागी जाऊन बसली. सायोने वर बघितलं, आणि सरकली.

यंदा थंडीत इसोएआजीचा गुडघा धरलाय. ती जाते, पण वाटेत दोनदा बसते, आणि बादली आता अर्धीच भरते. तेव्हा कुरोसे आवडो की न आवडो, तिला जाऊन भेटा, आणि लवकर भेटा. साके नेऊ नका. ब्रश न्या.