मावळायचं नाव न घेणारा मंगळवार

वही माझीच आहे, पण कुणाच्या हाती लागलीच तर माफ करा. चौथीत शाळा सुटली, तेव्हा शुद्धलेखन चुकणार, आणि अक्षर तर कोंबडी नाचल्यासारखं.

लेक लंडनला, पहिलटकरीण. जावई म्हणाले, तिकीट मी काढतो. पण लेकीच्या घरच्या पैशानं तिच्या बाळंतपणाला जायचं मला पटेना. थोरल्या जाऊबाईंनी म्हैस विकून आलेले पैसे पुढं केले. म्हणाल्या, "सावकाश फेड. पण दिवे लागल्यावर आणू नको. तिन्हीसांजेला तुझ्या घरची लक्ष्मी मी घेणार न्हाय."

लेक सुखरूप मोकळी व्हावी म्हणून मी भवानीचे अकरा मंगळवार बोलले होते. दिवसभर नुसतं पाणी, सूर्य मावळला की जेवण. अकरावा मंगळवार नेमका विमानात आला. विमान दुपारी एकला सुटणार, प्रवास साडेनऊ तासांचा. मी बोटांवर मोजलं: सातला दिवस मावळेल, पिशवीतली धपाटी वरच खाऊ.

माझ्या घड्याळात सात वाजले. खिडकीबाहेर रखरखीत दुपार! आठ वाजले, तरी सूर्य जागचा हलेना. शेजारी पुण्याची एक मुलगी होती.

"मावशी, जेवा की."

"सूर्य मावळू दे, बाई."

"अहो, आपण त्याच्याच मागं पळतोय! तिकडं उन्हाळ्यात नऊनंतर मावळतो. आपल्याकडं तेव्हा रात्रीचे दीड वाजून गेलेले असतात."

मला हसूच फुटलं. पोटात कावळे ओरडत होते, डोकं हलकं झालं होतं, आणि मी, चारचौघांत तोंड न उघडणारी बाई, त्या पोरीला म्हैस, जाऊबाई, भवानी सगळं सांगत सुटले. समोरच्या पडद्यावर सात हजारांवर किलोमीटर लिहिलं होतं. तुळजापूरहून सोलापूरला जाताना मला एसटी लागते. इथं मी उपाशी आणि खूश!

विमान उतरलं तरी ऊन होतंच. लेक पोट सांभाळत आली. "आई, खाऊन घे. देवी रागवायची न्हाय."

"अकरावा आहे. आता सोडू व्हय?"

तिच्या खिडकीत आम्ही दोघी सूर्याकडं बघत बसलो. तो बुडाला तशी मी धपाट्याचा घास मोडला. इतकं गोड धपाटं पुन्हा कधी लागलं नाही. आठव्या दिवशी नात झाली.

परत आल्यावर गोधड्या शिवल्या, दोन करडं विकली. काल शेवटचे पैसे घेऊन निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. पळतच गेले. जाऊबाई दारात उभ्या राहून हसत होत्या, "अगं, हळू! तिकडं असतीस तर अजून दुपारच होती."

"इथला सूर्य थांबतोय व्हय, बाई!"

त्यांनी नोटा मोजल्या आणि कनवटीला लावल्या. सगळे फिटले. मग त्यांनी दिवा लावला.