परशरामअण्णांचे वार

सकाळी साडेसातला फोन वाजला, की तो परशरामअण्णांचाच असणार हे आमच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. नमस्कार नाही, हवापाणी नाही. "बाई, झालं काय?" मी म्हणायची, "होतंय अण्णा." पलीकडून लगेच, "होतंय न्हवं वो. झालं काय?" माझ्या तोंडून 'नाही' वदवून घेतल्याशिवाय हा माणूस फोन ठेवत नसे. बरं, 'नाही' म्हटल्यावर रागवावं तरी! तेही नाही. "बरं" म्हणायचे आणि पुढच्या माणसाला फोन लावायचे.

मी निपाणीत कॉलेजात शिकवते आणि फावल्या वेळात संगणकावर मराठी टाइप करायचा कीबोर्ड सांभाळते. ओपन सोर्सचं काम. म्हणजे पगार कुणी देत नाही आणि चुका मात्र साऱ्या जगाला उघड्या दिसतात. खानापूरचा एक जण फॉन्ट करतो, कोल्हापूरच्या एक बाई शब्दकोश करतात, आणि बेंगळुरूचा एक जण पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा 'वाचक'. चौघांची चार बिऱ्हाडं, कुणाचा कुणावर हुकूम नाही. तरी चौघांची नवी आवृत्ती एकाच दिवशी सकाळी दहाला बाहेर पडायची, ती अण्णांमुळे. अण्णा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत स्टोअरकीपर होते. प्रोग्रामची एक ओळ त्यांना लिहिता येत नव्हती. मग आम्ही चौघं त्यांचं का ऐकत होतो, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

एकाच दिवसाचा हट्ट कशासाठी, ते मात्र ठाऊक होतं. त्यांची थोरली बहीण शांताक्का कंग्राळीत गल्लीतल्या पोरांना मराठी शिकवते. तिला दिसत नाही. संगणक धडा वाचून दाखवतो, त्यावर तिची शिकवणी चालते. एकदा माझा कीबोर्ड सोमवारी आला आणि वाचक शुक्रवारी. मधले दिवस संगणक काहीबाही बरळत राहिला, पोरं हसली, आणि आक्कानं शिकवणीच बंद केली. महिनाभर मनधरणी केली तेव्हा ती परत बसली. "आणि एकदा पोरं हसली तर आक्का बसायची न्हाय," अण्णा मला म्हणाले होते.

म्हणून त्यांनी वार बसवले. देवीच्या यात्रेआधी आमच्याकडची गावं वार पाळतात. ठरल्या दिवशी शेतात कुणी औत धरायचं नाही. अण्णांचे वार म्हणजे आवृत्तीआधीचे आठ दिवस. त्यात प्रोग्राममध्ये कुणी काही बदलायचं नाही, नुसतं तपासायचं. मी कुरकुरले की म्हणायचे, "हात खाजवत्यात व्हय? मग हातावर बसा."

एका वर्षी वार चालू असताना मला माझीच एक बारीक चूक दिसली. एक जोडाक्षर वेडंवाकडं उमटत होतं. आता, वारातसुद्धा म्हशीला वैरण आणायला कुणी अडवत नाही. ही आपली वैरणच, असं मनाशी म्हणत मी दुरुस्ती करून टाकली. कुणाला बोलले नाही. एवढ्याचं काय सांगायचं?

दहाला चारही आवृत्त्या निघाल्या. त्या दिवशी मी मुद्दाम कंग्राळीला गेले होते; अण्णाही रजा काढून आक्काजवळ बसले होते. आक्कानं धडा टाइप केला, वाचक वाचू लागला, आणि ते जोडाक्षर आलं की अख्खा शब्द गिळू लागला. माझं नवं अक्षर बाकीच्यांच्या ओळखीचंच नव्हतं. आक्कानं दोनदा ऐकलं आणि हात मांडीवर ठेवले. "पोरं चारला यायची हैत," एवढंच म्हणाली.

अण्णांनी चारही आवृत्त्या मागे घ्यायला लावल्या. पण कुणी केलं, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. रोज सकाळी विचारणारा माणूस नेमका आज विचारत नाही, याचा अर्थ मी काय लावायचा? त्यांना कळलंय? की संशय त्या बेंगळुरूवाल्यावर आहे? मला काही सुधरेना. शेवटी मीच म्हणाले, "अण्णा, वार मी मोडला. मला वाटलं, वैरण आहे."

"वैरण चांगलीच आणलीसा की वो. पर आणलीय म्हणून सांगायचं ऱ्हायलं." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तिघांस्नी सांगा. तुमच्या तोंडानं."

तीन फोन करताना मला तीनदा घाम फुटला. तिघंही नुसतं "बरं" म्हणाले, थेट अण्णांसारखे. मी दुरुस्ती काढून टाकली, तिघांनी पुन्हा तपासलं. चारला पोरं आली तेव्हा संगणक स्वच्छ वाचत होता. माझी जुनी चूक तेवढी पडद्यावर तशीच होती, आणि एकही पोर हसलं नाही.

अण्णा गेल्या वर्षी वारले. संध्याकाळी फौंड्रीतून आले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेले. साडेसातला मी अजून फोनकडे बघते.

यंदाच्या आवृत्तीबरोबर मदत करणाऱ्यांची यादी द्यायची होती, नाव आणि पुढे काम. अण्णांचं नाव लिहिलं आणि अडले. चारही प्रोग्राम चाळले. इतक्या वर्षांत त्यांच्या हातची एक ओळ नव्हती. 'समन्वय' लिहिलं आणि खोडलं. तो शब्द ऐकून त्यांनीच विचारलं असतं, "म्हंजे काय वो?" दोन दिवस ती जागा कोरीच राहिली. शेवटी आक्काला फोन लावला आणि म्हटलं, अण्णा नेमकं काय करत होते, ते मलाच कळत नाही.

"त्यात काय कोडं पडलंय बाई?" आक्का म्हणाली. "लिहा की. इचारत हुता."

तसंच लिहिलं.