खाच मारलेली पुडी

किल्लीमामांनी चाळीस वर्षं नाक्यावरच्या टपरीत किल्ल्या घासल्या. कुठलंही कुलूप किती सहज उघडतं हे ज्याला पक्कं ठाऊक, त्याचा माणसांवर विश्वास बसावा तरी कसा? दुकान बंद केल्यावर त्यांचा संशय रिकामा झाला आणि थेट बागेत जाऊन बसला.

बाग म्हणजे घरामागची चार पावलं जागा. तिथे कोनफ्लॉवरची सात झुडपं. मधे काटेरी गोंडा आणि त्याभोवती कान पाडून बसलेल्या कुत्र्यासारख्या खाली झुकलेल्या पाकळ्या. सहा झुडपं गुलाबी. सातवं कसं कोण जाणे, पांढरं निघालं! गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. मामांची छाती फुगली आणि झोप उडाली.

"शिंपीणबाईंनी मशीन खिडकीशी सरकवलंय," ते मामींना म्हणाले.

"उजेडासाठी असेल हो."

"कसला उजेड? डोळा पांढऱ्यावर आहे तिचा."

डोळा होता हे खरंच. शेजारच्या शिंपीणबाईंनी एकदा कुंपणावरून सरळ मागितलंच, "मामा, त्या टाचण्यांच्या उशीसारख्या पांढऱ्या फुलाच्या चार बिया द्या की मला."

नाही म्हणावं तर गल्लीभर बोभाटा, आणि तो करायला मागच्या गॅलरीत मी होतोच. मामा गोड हसले. "देतो की! आधी गोंडे तर वाळू देत."

गोंडे वाळून काळे पडले. मामांनी बिया झाडून दोन पुड्या केल्या. एकीतल्या बिया बांधण्याआधी तव्यावर चांगल्या भाजल्या. हो, भाजल्या! ही शेजारी जायची. घोटाळा नको म्हणून तिच्या कडेला खाच मारली. नेमकी त्याच दिवशी कंबर धरली. अंथरुणावरूनच त्यांनी मामींना फर्मान सोडलं, "खिडकीतली एक पुडी शेजारी दे. दुसरीतल्या बिया ओल्या वाळूत कालवून फ्रिजमध्ये ठेव, थंडी खाल्ल्याशिवाय त्यांना जाग येत नाही. कुठली कुणाची ते खुणेवरून कळेलच तुला."

भाजल्याचं मात्र बायकोलाही सांगितलं नाही. तिचाही भरवसा काय?

कंबर सुटल्यावर मामांनी पांढऱ्या झुडपाभोवती जमिनीत खोल पत्रे ठोकले. कुणी मूळ खणून नेलं तर? पत्र्यांनी चोर अडला की नाही ठाऊक नाही, पाणी मात्र अडलं. या झाडाला ओले पाय मुळीच सोसत नाहीत. मूळ कुजलं आणि पांढरं गेलं. आता सगळी मदार फ्रिजमधल्या डब्यावर. महिन्याभराने त्या बिया मामांनी कुंडीत पेरल्या आणि रोज भिंग घेऊन तपासल्या. एकही उगवली नाही. आधी संशय फ्रिजमधल्या कांद्यावर, मग मांजरावर, मग आठवडाभर माझ्यावर. मी नुसता "काय मामा, उगवलं का?" एवढंच विचारायचो. दिवसातून तीनदा.

शिंपीणबाईंनी थंडीभर उघड्यावर ठेवलेल्या कुंडीत मात्र कानशीसारखी खरखरीत पानं आली. पहिलं वर्ष नुसती पानंच. मामा म्हणाले, "गवत आहे." दुसऱ्या वर्षी पाच झाडांपैकी चार गुलाबी फुलली आणि पाचवं पांढरं!

मामा चप्पल न घालता कुंपणाशी पोचले. "माझं मूळ चोरलंत तुम्ही!"

"अहो, मूळ कशाला चोरू? मामींनी आणून दिलेल्या बियांचं आहे ते."

"त्या बिया उगवणं शक्यच नाही!"

"का बरं?"

मी माझ्या गॅलरीत चहा पिता पिता थांबलो. मामी कपडे वाळत घालायच्या थांबल्या.

"खाच होती ना पुडीला!" मामा त्यांच्यावर वळले.

"होती की. म्हणून तर ती आपल्याला ठेवली," मामी म्हणाल्या. "बिघडलेल्या किल्लीला खाच मारायची आणि खाचेचा माल गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही, हे चाळीस वर्षं मला कोण बजावत होतं? पण बियांत बिघडलेलं काय होतं हो?"

मामा इतक्या हळू बोलले की मला पार वाकावं लागलं, "भाजल्या होत्या."

शिंपीणबाई आत गेल्या आणि मशीन सुरू झालं. ते मामांना शिव्यांपेक्षा जास्त लागलं. पुढे कितीतरी दिवस ते मागच्या दारी आले की खाली मान घालून रिकाम्या कुंडीला पाणी घालायचे.

गोंडे वाळले तेव्हा शिंपीणबाईंनी कापडाची इवलीशी पिशवी कुंपणावरून पुढे केली. शिवण बारीक, तोंडाला नाडी. मामांनी ती दोन्ही हातांत घेतली. पण सवय जाते थोडीच? पाठ वळवून त्यांनी हळूच नाकाशी नेली.

"वास घेऊ नका, मामा," शिंपीणबाई म्हणाल्या. "माझा तवा फक्त स्वयंपाकाला आहे."