कॅलेंडरवरच्या तीन खोट्या खुणा

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुलगावच्या फलाटावर आम्ही तिघं होतो: माझ्यासोबत रायपूरला निघालेली आई, पोचवायला आलेली तिची धाकटी बहीण शांतामावशी आणि मी. सामान दोन नग, शिवाय एक काड्यापेटी. काड्यापेटीत काड्या नव्हत्या, बिया होत्या. नागपूर मागे पडल्यावर मी त्या हातरुमालावर मोजल्या. त्रेचाळीस भरल्या.

या फुलाला नर्सरीवाले लार्कस्पर म्हणतात. मावशी म्हणायची, निळे तुरे. तिचे यजमान एका बंगल्यावर माळी होते, तिथून ते बी घरी आलं. यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, पण दर हिवाळ्यात ती कुंडीत बी पेरायची आणि होळीनंतर झाड वाळलं की नवं बी काढून ठेवायची. तिचं घर आईच्या घराला लागून, मधे एकच भिंत.

"यंदा माह्यानं वाकनं होत नाही," ती फलाटावर आईला म्हणाली. "साऱ्या बिया तुलेच देतो. फूल आलं का एक तुरा घेऊन येजो. मले पाह्याचा आहे." मग माझ्याकडे वळून, "अन् तू रे, नेऊन तं राह्यला, आनून सोडशीन का?"

"महिनाभराचाच प्रश्न आहे, मावशी. दिवाळी झाली की आणून सोडतो."

बावीस वर्षांपूर्वी याच फलाटावरून मी नोकरीसाठी एकटा रायपूरला निघालो होतो. आधी ब्राह्मणपाऱ्यात एक खोली, मग शंकर नगरात तिसऱ्या मजल्यावर घर. त्या वेळी मीही रडलो होतो, पण ते रडणं स्वच्छ होतं. आपण स्वतः गाव सोडतो तेव्हा नुकसान आपलंच असतं. दुसऱ्याला उचलून आणतो तेव्हा हिशेब वेगळा असतो. तुमच्यापैकी ज्यांनी आईवडिलांना आपल्या शहरात आणलं आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

आईला आणण्याचं खरं कारण लिहून टाकतो. बायको आणि मी दोघंही साडेनऊला ऑफिसला निघतो. मुलगी रेवा, तिची दहावी. आई घरात असली की शाळा सुटल्यावर दोन वाजता दार उघडायला कोणी असे, पोरीला गरम जेवण मिळे. रेवाला मराठी समजतं, उत्तर हिंदीत येतं. "आजी, आप यहीं रहो ना." शेजारणींकडून आई पंधरा दिवसांत 'हो'ला 'हव' म्हणायला शिकली होती. हसून म्हणायची, "हव, हव, राहतो."

नर्सरीवाल्यानं सांगितलं, "भैया, पहले आठ दिन फ्रिज में रखिए. इस गर्मी में ये बीज ऐसे नहीं जागेगा." बी विषारी असतं, म्हणून बायकोनं काड्यापेटीवर लाल अक्षरात 'खाऊ नये' लिहिलं. बारा इंची कुंडीत सगळ्या बिया पेरल्या, वरून ओलं पोतं घातलं. सतरा उगवल्या. हे रोप उपटून दुसरीकडे लावलेलं सोसत नाही, आणि एका कुंडीत चारच नीट वाढतात. मी चार ठेवली. "तेरा मारले," आई म्हणाली.

पाणी एक दिवसाआड, एक तांब्या, मुळाशी, पानांवर नाही. गॅस सिलिंडर आणि दुधाच्या खुणा मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर करतो. पाण्यासाठी हिरवी खूण सुरू केली.

दिवाळी झाली. आईनं विचारलं, "आता जाऊ का रे?"

"रोपं बोटभर आहेत, आई. तू गेलीस तर पाणी कोण घालेल?"

पाणी घालायला दोन मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं होतं. 'पाणी मी घालीन, तू जा,' एवढंच म्हणायचं होतं. दिवाळीला म्हणालो नाही, नाताळच्या सुट्टीतही म्हणालो नाही. दर रविवारी मावशीचा फोन यायचा, "तुरे आले का वो?" आणि आई म्हणायची, "नाही अजून."

संक्रांतीनंतर मात्र आईनं हट्टानं पुढच्या आठवड्याचं तिकीट काढायला लावलं. त्याआधी ती सहा दिवस दुर्गला एका नातेवाइकांकडे जाऊन येणार होती. निघताना पाण्याचं तीनदा बजावलं. मी विसरलो नाही. पहिल्या पाळीला तांब्या भरून कुंडीपाशी उभा राहिलो, आणि परत येऊन पाणी मोरीत ओतलं. कॅलेंडरवर खूण केली. पुढच्या दोन पाळ्यांना तांब्या भरलाही नाही. खुणा केल्या.

आई आली तेव्हा चारही रोपांनी माना टाकल्या होत्या. एक तर गेलंच. "ऊन फार होतं," मी म्हणालो. तिनं मातीत बोट घातलं. मग आत जाऊन पाणी प्यायली. कॅलेंडर तिथंच, माठाच्या वर.

"तिकीट रद्द कर," ती म्हणाली. "फुलं आल्यावर जातो."

पाच मिनिटांत मी तिकीट रद्द केलं.

फेब्रुवारीत तिन्ही रोपांवर कळ्यांना निळी झाक आली. त्याच आठवड्यात, मंगळवारी दुपारी, पुलगावच्या शेजारणीचा फोन आला. चहा ठेवता ठेवता मावशी खाली बसली आणि गेली. निघण्याआधी आईनं सगळ्यात उंच तुरा कापला, ओल्या फडक्यात गुंडाळला. लोकांनी आमच्यासाठी मावशीला थांबवून ठेवलं होतं. आईनं फडकं सोडलं. एकच फूल उघडलं होतं, तेही अर्धं.

तेराव्याचे दिवस झाले, पण आई रायपूरला परत आली नाही. मीही आग्रह केला नाही, कोणत्या तोंडानं करणार? रेवाची परीक्षा झाली, पेपर चांगले गेले. एकदा सहज म्हणाली, "खाना तो मैं खुद गरम कर लेती. आजी को रोका क्यों था, पापा?"

उरलेल्या तिन्ही रोपांना मी पाणी घातलं. एक दिवसाआड, एक तांब्या, एकही पाळी चुकली नाही. एप्रिलमध्ये शेंगा वाळल्या तेव्हा बी काढलं, मावशीनं दिलं होतं तेवढंच मोजून त्याच काड्यापेटीत भरलं, आणि पुलगावला गेलो.

मावशीच्या दाराला कुलूप होतं. आई आपल्या ओट्यावर गहू निवडत होती. मी बसलो आणि त्या तीन खुणांचं सांगितलं.

"बोट घातलं तवाच समजलं," ती म्हणाली. "माती कोरडीठन्न, अन् कॅलेंडरवर खुना. तू काही इसरनारा मानूस नाहीस."

"मग गेली काहून नाहीस?"

ती गहू निवडतच राहिली. "वाटलं, लहानपनी कधी खोटं बोलला नाही, आता बोलून राह्यला. म्हनजे घरात लयच अडलं असन."

एवढं काही अडलं नव्हतं, आई. हे मात्र मला तिथं बोलता आलं नाही. इथं लिहितो.

मी काड्यापेटी तिच्या हातात दिली. "त्रेचाळीस आहेत."

"मोजल्याच असशीन," ती म्हणाली आणि पेटी न उघडता कमरेला खोचली.

"दसऱ्यानंतर येऊन मी पेरून देतो. आठ दिवस राहतो. रोपं लहान असतात, पाणी..."

"पानी मी घालीन," आई म्हणाली. "तू जाय. पोरगी वाट पाहत असन."

रायपुरात कोणी विचारलं, घर कहाँ है, तर मी शंकर नगर सांगतो. पत्ता बरोबर आहे. पण जिथून मला असं सहज 'जाय' म्हणून सोडलं, तो ओटा पुलगावला आहे. आणि जिथं मी ते कुणाला म्हणू शकलो नाही, ते घर इथं.

मावशीच्या बिया आईकडे परत पोचल्या, त्रेचाळीस. फुललेला एक तुरा मावशीला द्यायचा होता. तो राहिला.