मुकादमाने जमवलेली चार माणसं

आता काय सांगू तुम्हाला, असा पचका माझ्या वैऱ्याचाही होऊ नये! हसाल तुम्ही. हसा, माझी ना नाही.

लालबागची आमची चाळ पाडली, टॉवर झाला आणि मला तेराव्या मजल्यावर मस्त फ्लॅट मिळाला. मस्त कसला डोंबलाचा! चाळीत दार दिवसभर उघडं, कोणीही यायचं, कोणीही बसायचं. इथे चाळीतले बाकीचे फ्लॅट विकून लांब राहायला गेले, आणि नव्या लोकांची दारं बंद. त्यात आमचे हे गेले. दिवसचे दिवस कुकरच्या शिट्टीशिवाय घरात आवाज नाही हो.

मुलाला, मंदारला, काळजी. त्याने परदेशात बसून माझ्या फोनवर एआयचे सहायक टाकून दिले. एक किराण्याचा, एक औषधांचा, एक घरच्या दुरुस्तीचा आणि सगळ्यांवर एक मुख्य. मी त्याला मुकादम म्हणते, सासरे गिरणीत होते ना!

"आई, तू फक्त त्याला सांग. ते आपसात बोलतात, एकाला अडलं की दुसरा वाट काढतो."

म्हटलं, बघूया. मुकादमाला सांगितलं, "अरे, रविवारी चार वाजता घरात चार माणसं आली पाहिजेत. चाळीतल्या सगळ्यांना विचार. काहीही कर, पण जमव."

थोड्या वेळाने म्हणतो, "झालं. चार माणसं नक्की येतील."

कोण चौघं, ते विचारायचं ना? पण मला सुचतंय कुठे! विरारहून शालू येणार, बदलापूरहून पाटीलवहिनी येणार... साबुदाणे वडे केले, ठेवणीतले कप काढले, चांगली साडी नेसले.

चारला बेल. दारात खांद्याला पिशवी अडकवलेला प्लंबर.

"काकू, गळती कुठाय?"

"कसली गळती?"

तेवढ्यात लिफ्टमधून दुसरा, "फ्रिज बंद पडलाय ना?" मागोमाग वॉशिंग मशीनवाला. आणि चौथा झुरळं मारायला. माझ्या घरात झुरळं? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला!

"काय रे मेल्या, कोण हे?" मी फोनवर ओरडले.

मुकादम शांतपणे सगळ्यांसमोर सांगतो, "जुने शेजारी पुन्हा कधीतरी येतो म्हणाले. मग आम्ही चर्चा केली. दुरुस्ती सहायकाने सुचवलं, तक्रार नोंदवली की माणूस येतोच. किराणा सहायकाने दूध जास्त मागवलं. सगळ्यांचं एकमत झालं."

पुन्हा कधीतरी! मी वड्यांचं ताट उचललं आणि त्या चौघांपुढे धरलं.

ते चौघं चुळबुळायला लागले. तिघांनी उभ्या उभ्या एकेक वडा खाल्ला आणि निघाले. प्लंबरही म्हणाला, "काम नाय तर जातो काकू, पुढचा कॉल आहे."

"थांबा हो, गळतंय, गळतंय!" मी धावत स्वयंपाकघरात. सिंकखालचा पाइप घेतला सांडशीत आणि दिला पिरगळून. म्हटलं, दोन थेंब गळले तरी बास, तेवढाच तो अर्धा तास थांबेल.

दोन थेंब? अख्खा पाइप हातात आला! प्लंबर ओरडतोय, "मेन कॉक कुठाय?" मला काय माहीत! तो सापडेपर्यंत हॉलमध्ये तळं.

आणि बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई, रागाने लालबुंद. "अहो, आमचं किचन भिजलं सगळं! काय चाललंय काय तुमचं?"

या टॉवरमध्ये राहायला आल्यापासून माझ्या दारात आलेली पहिली शेजारीण! ती शिव्या द्यायच्या बेतात आणि मी बावळट, घोटाभर पाण्यात उभी राहून, तोंडभर हसत तिला काय म्हणावं?

"अगंबाई, आलात? या ना, या, बसा!"