सर्व्हर रूमचं दार आणि सुधाकरभाऊंचं कार्ड

सुरुवातीलाच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. आमचं बौद्धांचं घर — नवस नाही, अंगारा नाही, भूत तर नाहीच नाही. त्यात मी कॉम्प्युटरवाली. तरी लिहितेय, कारण... वाचा आणि तुम्हीच सांगा.

मी चंद्रपूरला धान-कापूस खरेदी करणाऱ्या एका खासगी कंपनीचे सर्व्हर सांभाळते. गडचिरोली, सिरोंचा, जिवती, सगळ्या शाखा त्यावरच चालतात. दोन सर्व्हर, आणि समोर लोड बॅलन्सर — म्हणजे आलेल्या माणसाला या खिडकीवर नाहीतर त्या खिडकीवर पाठवणारा. पूर्वी तिसराही सर्व्हर होता. मी नोकरीला लागण्याआधीच तो वीज पडून जळाला. पण आमचे इलेक्ट्रिशियन सुधाकरभाऊ त्याला भंगारात जाऊ देत नाहीत. सर्व्हर रूमच्या कोपऱ्यात पोत्यावर ठेवलाय, आणि खंडेनवमीला पान्या-पकडीसोबत त्यालाही हळद-कुंकू, झेंडूचं फूल! मी खूप हसायची.

"अहो भाऊ, मेला तो."

"मेला तं काय झालं? सेवा केली ना त्यानं."

मे महिन्यातला शनिवार, भर दुपार. सकाळपासून जिवतीचे फोन — "मॅडम, लॉगिन करून राह्यलो तं आत घेते अन् लगेच बाहेर फेकते!" मी समजले, एका सर्व्हरनं पटवलेली ओळख दुसरा मानत नाहीये. फोन नियमाप्रमाणे वॉचमनकडे ठेवले आणि आत गेले. सुधाकरभाऊ एसी बघायला सोबत होते. लोखंडी दार मागे बंद झालं. दुसऱ्यावर सगळं निभेल या भरवशावर मी पहिला सर्व्हर लोड बॅलन्सरमधून बाहेर काढला... आणि दुसऱ्यानं सगळ्यांनाच नाकारायला सुरुवात केली. मलासुद्धा! पहिल्याला परत घ्यायचं तर मला लॉगिन पाहिजे, आणि लॉगिन देणार तो दुसराच. घ्या आता! बंद करून चालू केला, तरी तेच.

तेवढ्यात लाईट गेली. सर्व्हर यूपीएसवर चालू, एसी बंद. "चला भाऊ, बाहेर बसू," म्हणून मी दाराला कार्ड लावलं. लाल दिवा. परत लावलं, परत लाल. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की कार्डसुद्धा तोच सर्व्हर तपासतो. आतून उघडायचं बटण बिघडलेलं; तक्रार कधीचीच दिलेली, पण ऐकतो कोण.

आधी चिडले, मग दार बडवलं, ओरडले. वॉचमन लांब गेटवर. खोली भट्टीसारखी तापायला लागली आणि सुधाकरभाऊंना धाप लागली. त्यांना दमा आहे. पंप बाहेर, पिशवीत. ते खालीच बसले, प्रत्येक श्वासाला छातीतून शिट्टी वाजत होती.

"मॅडम, मले... हवा नाई भेटून राह्यली."

माझ्या चुकीनं हा माणूस इथे माझ्यासमोर मरणार, एवढंच डोक्यात.

लोड बॅलन्सरच्या स्क्रीनवर तीन ओळी दिसतात, एकेका सर्व्हरची एकेक; चालू असला की हिरवी, बंद असला की लाल. तिसरी कायम लाल, कारण जळालेला सर्व्हर यादीतून कोणी काढलाच नव्हता. माझी नजर गेली तेव्हा ती ओळ हिरवी होती.

मी धावत जाऊन कार्ड लावलं. लाल. मग काय सुचलं कोण जाणे, भाऊंच्या गळ्यातलं कार्ड ओढून घेतलं आणि ते लावलं. खट्ट... दार उघडलं!

पंप मिळाला, भाऊ वाचले. दारात वीट अडकवून मी परत आत गेले. तिसरी ओळ लाल. कोपऱ्यातल्या खोक्याला ना वीज, ना केबल — त्याची वायर त्याच्याच भोवती गुंडाळलेली, वर सुकलेला झेंडू. नंतर तपासायला आलेल्या नागपूरच्या टीमला एवढंच सापडलं, की दुसऱ्या सर्व्हरचं घड्याळ पुढे गेलं होतं. आणि तिसऱ्याचं काय? "स्क्रीनचा घोळ असेल, मॅडम." असेल बाबा. मग माझं कार्ड नाकारलं आणि भाऊंचं घेतलं, ते काऊन?

माझं कार्ड तो जळाल्यानंतर बनलंय. तो मला ओळखतच नव्हता. भाऊंना ओळखत होता.

सुधाकरभाऊ आता रिटायर होतायत. बटण दुरुस्त झालंय, दाराशी वीटही असते, तरी आत एकटीनं जायची छाती होत नाही. पूजा वगैरे मी आजही करत नाही. पण हल्ली आत गेले की आधी कोपऱ्यात जाते आणि त्याच्यावरची धूळ पुसते. ओळख असलेली बरी.